शिखर वाढतच जातंय, कारण समीकरणात वेगळाच जीव बसलाय

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. मऊ अगारच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) प्लेटमध्ये मधोमध ई. कोलाय हे जिवाणू टोचले की काही तासांनी बाहेर सरकत जाणारं एक पुसट कडं दिसतं. ते कडं तुम्हाला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी संगणकावर उभं करायचंय. त्यासाठी रसायनाच्या मागावर पेशी कशा सरकतात हे सांगणारी केलर-सेगेलची समीकरणं घेतलीत, पायथनमध्ये २०० मायक्रॉन (०.२ मिलिमीटर) अंतराच्या द्विमितीय जाळीवर सोडवलीत, आणि कड्याऐवजी मध्यभागी एकच सुळका उभा राहिला. जाळीतलं अंतर निम्मं केलंत तर सुळका चौपट उंच झाला. त्याच्या शेजारच्या घरांमध्ये घनता ऋण आली. गाइड म्हणतात जाळी आणखी बारीक करा, मित्र म्हणतो हे सोडून एकेका जिवाणूचं सिम्युलेशन करा, आणि तुम्हाला कळत नाहीये की नेमकं चुकलंय कुठे.

ऋण घनता ही कोडमधली चूक आहे, तिच्याकडे पुढे येतो. सुळका मात्र तुमच्या प्रोग्रामने अगदी बरोबर काढलाय. ‘चौपट’ हा आकडाच ते सांगतो. सगळे जिवाणू एका घरात येऊन बसले. घराची बाजू निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं. तेवढेच जिवाणू पाव जागेत, म्हणून घनता चौपट. पुन्हा निम्मी करा, पुन्हा चौपट होईल. त्यामुळे जाळी बारीक करण्यात आणखी रात्री घालवू नका.

गोम तुमच्या दुसऱ्या समीकरणात आहे. तुम्ही लिहिलंय की रसायन विसरणाने (दाटीकडून विरळाकडे आपोआप) पसरतं, हळूहळू नष्ट होतं, आणि जिथे जिवाणू जास्त तिथे ते जास्त तयार होतं. हे शेवटचं पद बघा. एव्हलिन फॉक्स केलर आणि ली सेगेल यांनी १९७० मध्ये हे मॉडेल मांडलं ते डिक्टिओस्टेलियम या मातीत राहणाऱ्या अमीबासाठी. अन्न संपलं की हे अमीबे सायक्लिक एएमपी नावाचं रसायन सोडतात, त्याच्याच मागावर एकमेकांकडे सरकतात आणि गोळा होतात. गोळा होणं हाच त्या मॉडेलचा विषय होता. गर्दी झाली की रसायन वाढतं, रसायन वाढलं की आणखी गर्दी होते, आणि हे चक्र थोपवायला फक्त विसरण असतं. द्विमितीत एकूण जीवसंख्या एका मर्यादेपलीकडे गेली की (नेहमीच्या एककरहित रूपात ती ८ गुणिले π इतकी येते) विसरण हरतं आणि उत्तर ठरावीक वेळात अनंताला भिडतं. एकमितीत याच समीकरणाचं असं होत नाही. तुम्ही आधी एकमितीय चाचणी घेतली असेल तर ती शहाण्यासारखी चालली असणार, आणि मग गोंधळ आणखी वाढला असणार.

तुमच्या प्लेटमधले जिवाणू ते रसायन बनवत नाहीत, खातात. ज्युलियस ॲडलर यांनी १९६६ मध्ये हे फार देखणेपणाने दाखवलं होतं. गॅलॅक्टोजच्या द्रावणाने भरलेल्या बारीक काचनळीच्या एका टोकाला ई. कोलाय सोडले, आणि थोड्या वेळाने नळीतून जिवाणूंचे दोन स्पष्ट पट्टे पुढे सरकताना दिसले. पहिला पट्टा नळीतला सगळा ऑक्सिजन आणि थोडी साखर संपवत जात होता. मागचा पट्टा उरलेली साखर ऑक्सिजनशिवाय खात होता. म्हणजे रसायनाचा चढ (कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे) बाहेरून कुणी घालून दिलेला नव्हता. खाऊन खाऊन जिवाणूंनीच तो तयार केला आणि त्याच्यावरून स्वतःच पुढे गेले. केलर आणि सेगेल यांनी १९७१ मध्ये या सरकत्या पट्ट्यांसाठी वेगळं मॉडेल लिहिलं, आणि तुम्हाला हवं होतं ते हे. त्यात रसायनाच्या समीकरणातलं जिवाणूंचं पद ऋण आहे. एका चिन्हाचा फरक, पण वागणं पूर्ण उलटं: जिथे गर्दी तिथलं आकर्षण संपतं, म्हणून गर्दीला हलावंच लागतं. सुळका तिथे टिकूच शकत नाही.

इथे एक ‘पण’ आहे, आणि तो तुमच्या माध्यमावर अवलंबून आहे. ई. कोलाय कधीच आकर्षक रसायन सोडत नाहीत असं नाही. एलेना बुद्रेने आणि हॉवर्ड बर्ग यांनी १९९१ मध्ये दाखवलं की सक्सिनेटसारख्या अन्नावर वाढवले की हे जिवाणू स्वतः अस्पार्टेट हे आकर्षक अमिनो आम्ल सोडतात, आणि प्लेटवर ठिपक्यांच्या सुरेख नक्ष्या उमटतात. तशा प्लेटसाठी स्राव आणि भक्षण दोन्ही पदं लागतील. तुम्ही माध्यम सांगितलेलं नाही. ट्रिप्टोन (प्रथिनांच्या तुकड्यांचं मिश्रण) असेल तर त्यात सेरीन आणि अस्पार्टेट ही दोन्ही अमिनो आम्लं असतात आणि दोन कडी दिसतात, बाहेरचं सेरीनचं, आतलं अस्पार्टेटचं. प्रोजेक्टसाठी मी ट्रिप्टोन टाळेन. ग्लिसरॉल अन्न म्हणून आणि थोडं अस्पार्टेट आकर्षक म्हणून, अशी प्लेट घेतली की एका कड्याचा एकच हिशेब राहतो. प्रयोग करणाऱ्या मैत्रिणीला आज एवढंच विचारा: प्लेटमध्ये काय काय घातलंय?

आता केमोटॅक्सिस (रसायनाच्या चढावर सरकणं) याच्या गुणांकाबद्दल, कारण चिन्ह बदलूनही तुमचा आकडा त्रास देणार आहे. तुम्ही तो स्थिर धरलाय. तुमच्या आउटपुटमधला सर्वात तीव्र चढ घेऊन मी गुणाकार केला, तर जिवाणूंचा सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मायक्रॉन येतो. ई. कोलाय जीव तोडून पोहला तरी सेकंदाला २० ते ३० मायक्रॉन जातो. पोहण्याच्या वेगापेक्षा सरकण्याचा वेग जास्त असूच शकत नाही. मी माझ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये एक ओळ घालून ठेवतो: दर शंभर पायऱ्यांनी जाळीवरचा कमाल सरकण्याचा वेग छापायचा. तो पोहण्याच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याहून वर गेला की मी प्रोग्राम थांबवतो आणि कागद घेतो. एवढ्या एका ओळीने माझे जितके आठवडे वाचले, तितके कुठल्याच भारी पद्धतीने वाचले नाहीत.

तिसरा हिस्सा का, हे समजायला जिवाणूकडे जवळून बघावं लागतं. बर्ग आणि ब्राउन यांनी १९७२ मध्ये एकेका पोहणाऱ्या जिवाणूचा त्रिमितीत पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक वापरला. त्यातून आलेलं चित्र असं: साधारण एक सेकंद सरळ धाव, मग सेकंदाच्या दशांशाइतकी गिरकी, मग नव्या दिशेने धाव. सगळ्या कशाभिका (शेपटीसारखे धागे) एका दिशेने फिरल्या की त्यांची जुडी बनते आणि धाव होते. एखादी-दुसरी उलट फिरली की जुडी सुटते आणि गिरकी होते. नवी दिशा जिवाणू निवडत नाही. जुन्या दिशेशी ती सरासरी ६८ अंशांचा कोन करते, बस. त्याच्या हातात फक्त पुढची गिरकी लांबणीवर टाकणं आहे: बरं चाललंय असं वाटलं तर धाव जरा लांबवायची. आणि बरं चाललं नसेल तर? तर धाव जवळजवळ नेहमीइतकीच राहते, फारशी आखूड होत नाही. मला ही गोष्ट अजूनही विलक्षण वाटते. चांगलं चाललं असताना थांबायचं नाही, एवढ्यावर तो वर चढतो. सगळ्या धावांची सरासरी काढली की वरच्या दिशेने उरणारा वेग पोहण्याच्या वेगाचा एक लहानसा हिस्साच असतो.

‘बरं चाललंय’ हे त्याला कळतं कसं? शरीर दोनेक मायक्रॉन लांब. एका मिलिमीटरमध्ये संहती (द्रावणातलं रसायनाचं प्रमाण) पावणेतीनपट होते असा चढ घ्या; डोक्या-शेपटीत फरक पडतो ०.२ टक्के. एका धावेत तो २० मायक्रॉन जातो, म्हणजे दोन टक्के. मॅकनॅब आणि कॉशलँड यांनी १९७२ मध्ये जिवाणूंना झटकन जास्त संहतीच्या द्रावणात मिसळलं. तिथे जागेत कुठे चढ उरलेलाच नव्हता, तरी जिवाणू काही काळ गिरकी न घेता सरळ पोहत राहिले. म्हणजे तुलना काळातली आहे, ‘आत्ता’ आणि ‘मघाशी’ यांची. पुढे कशाभिका फिरवणाऱ्या मोटरच्या प्रतिसादावरून ही स्मृती मोजली गेली: गेल्या साधारण एका सेकंदाचं वजन धन, त्याआधीच्या तीनेक सेकंदांचं ऋण. ही चार सेकंदं लक्षात ठेवा, मित्राच्या सल्ल्याकडे आलो की लागतील.

या तुलनेतून दोन गोष्टी निघतात. पहिली, जिवाणूला संहतीतला निव्वळ फरक जाणवत नाही, प्रमाणातला फरक जाणवतो. बाजारात पाच रुपयांची सूट भाजीवर लक्षात येते, फ्रिजवर येत नाही, तसंच. म्हणून वेग संहतीच्या चढावर न धरता तिच्या लॉगच्या (लॉगॅरिथमच्या) चढावर धरायचा. १९७१ च्या मॉडेलमध्ये हेच आहे. पण नुसता लॉग घेतला तर संहती शून्याकडे जाताना वेग अनंताकडे जातो, आणि तुमच्या पट्ट्यामागे संहती शून्याकडेच जाणार आहे. म्हणून दुसरी गोष्ट: लॉग दोन टोकांना बोथट करायचा. मी करतो ते असं. संहतीला खालच्या मर्यादेने भागून एक मिळवा. तीच संहती वरच्या मर्यादेने भागून एक मिळवा. पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि त्याचा लॉग घ्या. या लॉगचा चढ गुणिले गुणांक, हा तुमचा वेग. मर्यादा मिथाइल-अस्पार्टेटसाठी १८ मायक्रोमोलर आणि ३ मिलिमोलर (ही संहतीची एककं) अशा धरतात. साध्या अस्पार्टेटसाठी खालची मर्यादा आणखी कमी, काही मायक्रोमोलर. हे सूत्र सोयीसाठी जुळवलेलं नाही. टार नावाच्या ग्राहक प्रथिनाच्या दोन अवस्था आहेत, त्या अस्पार्टेटला वेगवेगळ्या ताकदीने धरतात, आणि त्या प्रथिनावर मेथिल गट (छोटा रासायनिक गट) चढवून-उतरवून जिवाणू स्वतःला नव्या पातळीला जुळवून घेतो. या सगळ्याचा हिशेब केला की अगदी याच रूपाचा लॉग बाहेर येतो. त्यामुळे प्लेटच्या मॉडेलमध्ये ती सगळी प्रथिनं वेगळी लिहायची गरज नाही, ती या लॉगमध्ये आलेली आहेत.

विसरण गुणांकाचं बघू. तुम्ही २०० वर्ग मायक्रॉन प्रति सेकंद घेतलाय. तो कुठून येतो ते मला दिसतंय: वेग २०, धाव एक सेकंद, वेगाचा वर्ग गुणिले धावेचा काळ भागिले तीन, आणि गिरकीनंतरही दिशा थोडी टिकते म्हणून दीडपट. बरोबर २०० येतात. पण हा द्रवातला आकडा आहे, आणि तुमचे जिवाणू ०.३ टक्के अगारच्या जेलमध्ये आहेत. तिथे ते धाग्यांमध्ये अडकतात, गिरकी घेऊन सुटतात. अगार किती, कुठल्या कंपनीचा, प्लेट ओतून किती वेळ उघडी ठेवली, या सगळ्याने आकडा हलतो. मी सुरुवातीला ५० घेतो आणि मग मोजमापावर बसवतो.

मोजमाप कसं करायचं यात मी स्वतः एकदा बरंच पोळलोय. पीएचडीच्या काळात कड्याचा एकच वेग माझ्याकडे होता आणि त्यावरून मी विसरण आणि केमोटॅक्सिस दोन्ही गुणांक बसवले. आलेख इतका सुंदर जुळला की दोन महिने त्यावर पुढचं काम केलं. मग सहकाऱ्याने थोड्या वेगळ्या अगारची प्लेट आणली आणि माझं मॉडेल सपशेल चुकलं. एका मोजमापावरून दोन अनोळखी आकडे निघत नाहीत. एक वाढवून दुसरा कमी केला तरी वेग तोच येतो. तेव्हापासून मी दुसरी प्लेट मागतो, जिच्यात अन्न आहे पण आकर्षक नाही. त्यासाठी चे-वाय जनुक काढलेला जिवाणू वापरा असं कुणी सुचवेल. नका वापरू. तो गिरकीच घेत नाही, सरळ जाऊन जेलच्या बोळात अडकून बसतो, आणि विसरण आहे त्याहून खूप कमी दिसतं. नुसत्या ग्लिसरॉलवर साधा जिवाणूच लावा.

ती प्लेट हातात आली की काळ्या कागदावर धरा आणि उजेड बाजूने पाडा. कडं दुधाळ रेघेसारखं उठून दिसेल. वरून उजेड टाकला तर काहीच दिसणार नाही. इन्क्युबेटरमधून काढताना ताटातलं पातळ वरण न्यावं तशी सपाट न्यायची. हा अगार दह्यापेक्षाही मऊ असतो. जरा कलला की कडं एका बाजूने चेपतं आणि त्या वेळेपासूनची मोजमापं फुकट जातात.

अपेक्षा काय ठेवायची? केमोटॅक्सिस नसलेली, नुसती वाढ आणि विसरण असलेली वसाहत किती वेगाने पसरते याचं सूत्र १९३७ पासून फिशर यांच्या नावाने आहे: वाढीचा दर गुणिले विसरण गुणांक, त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट. जिवाणू तासाला एकदा दुप्पट होत असतील आणि विसरण ५० असेल तर वेग येतो सेकंदाला ०.२ मायक्रॉन, म्हणजे तासाला ०.७ मिलिमीटर. आकर्षक असलेल्या प्लेटवर कडं तासाला काही मिलिमीटर सरकताना दिसतं. ही तफावत हीच केमोटॅक्सिसची कमाई. हेही ध्यानात ठेवा की आकर्षक आणि अन्न एकच असायला हवं असं नाही. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका कामात हे नीट दाखवलंय: पोषणात फारशी भर न घालणारं थोडंसं आकर्षक टाकलं तरी वसाहत कितीतरी वेगाने फैलावते. म्हणून वाढीचं पद अन्नाला जोडा, सरकण्याचं पद आकर्षकाला. तुमच्या कोडमध्ये वाढच नाहीये; दहा तासांच्या प्रयोगात ती टाळता येणार नाही.

इथवरचा हिशेब असा: रसायनाचं चिन्ह ऋण, वेग बोथट केलेल्या लॉगवर, विसरण जेलमधलं, वाढ वेगळी.

ऋण घनतेचं कारण आता सोपं आहे. तुम्ही सरकण्याच्या पदासाठी दोन्ही बाजूंच्या घरांची सरासरी घेताय. वेग गुणिले जाळीचं अंतर भागिले विसरण गुणांक, हा आकडा दोनच्या वर गेला की अशी पद्धत हेलकावे देते आणि हेलकाव्याचा तळ शून्याखाली जातो. अंतर २०० मायक्रॉन, वेग २, विसरण ५० धरलं तर तो आठ येतो. दोन उपाय एकदम करा. घराच्या कडेवरचा प्रवाह जिकडून जिवाणू येताहेत त्या घराच्या घनतेवरून काढा. आणि द्विमिती सोडून फक्त त्रिज्या घ्या. कडं गोल आहे, मग वर्तुळाकार पट्ट्यांची बेरीज पुरते. ९० मिलिमीटरची प्लेट, ५० मायक्रॉनचं अंतर, म्हणजे ९०० घरं. तीच द्विमितीत बत्तीस लाखांवर गेली असती. वेळेची पायरी अर्ध्या सेकंदाची ठेवा. रसायनाचं विसरण सेकंदाला १००० वर्ग मायक्रॉनच्या आसपास असतं, त्याला सव्वा सेकंदाची मर्यादा आहे. दहा तासांच्या ७२,००० पायऱ्या साध्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत संपतात. प्रत्येक पट्टीचा प्रवाह तिच्या परिघाने गुणायला विसरू नका, आणि काठावर प्रवाह शून्य. वाढ बंद करून एकदा चालवा: एकूण जिवाणूंची संख्या शेवटच्या दशांशापर्यंत तीच राहायला हवी.

मित्राचा सल्ला चुकीचा नाही, फक्त तुमच्या प्लेटला त्याची गरज नाही. जिवाणूची स्मृती चार सेकंदांची, तेवढ्यात तो फार तर ८० मायक्रॉन जातो. तुमच्या कड्याची रुंदी मिलिमीटरच्या घरात आहे. एवढा फरक असला की सरासरी समीकरण चालतं. तुमची मैत्रीण १०० मायक्रॉनच्या मायक्रोफ्लुइडिक नाल्यात काम करत असती, किंवा चढ दर सेकंदाला बदलत असता, तर मी उलट सांगितलं असतं: तिथे ‘मघाशी’ आणि ‘आत्ता’ यांच्यामध्ये जगच बदललेलं असतं, आणि प्रत्येक जिवाणूची आठवण वेगळी ठेवावीच लागते.

आधी केमोटॅक्सिस गुणांक शून्य ठेवून चालवा आणि तासाला ०.७ मिलिमीटर येतात का बघा. सुरुवातीचे काही तास सोडून वेग मोजा, आघाडी स्थिरावायला वेळ लागतो, आणि वेग ०.७ कडे हळूहळू खालून जाईल. मग गुणांक १००, ३००, १००० असा वाढवत न्या, आणि सोबत कमाल वेगाची ती ओळ छापत राहा. कडं वेगळं होऊन बाहेर निघालं की घनतेचा आणि अस्पार्टेटचा आलेख एकावर एक काढा. कड्याचं शिखर अस्पार्टेटच्या उताराच्या पायथ्याशी बसलेलं दिसायला हवं. आणि मैत्रिणीच्या प्लेटवर कडं सलग न राहता ठिपक्यांमध्ये तुटायला लागलं, तर त्रिज्येचं मॉडेल तिथेच थांबवा आणि माध्यमात सक्सिनेट आहे का ते विचारा.